‘ऐकू येतंय का?’

सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंद्रूप हे गाव आहे. समजा, तेथील एक आजी इंटरनेट कॉलवरून पुण्यातल्या लेकाला सांगत आहेत, “उद्या येऊ नको.” लेकाला ऐकू येते, “उद्या ये…” पडद्यावर रेंजच्या सगळ्या काड्या दिसत असतात. मग आजी म्हणतात, “मलाच मेलीला फोन वापरता येत नाही.” दोष खरेच आजींचा आहे का? याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

मुंबईत १८८२ साली टेलिफोन केंद्र सुरू झाले. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे एकच तत्त्व चालले : दोन माणसे बोलू लागली की त्यांच्यामधला मार्ग संभाषण संपेपर्यंत राखीव. भारतात १९६० साली लखनौ-कानपूर एस.टी.डी. सेवा सुरू झाली, ती याच तत्त्वावर. ट्रंक कॉलसाठी तासन्‌तास ताटकळावे लागे. पण एकदा जोडणी झाली की शब्द क्रमाने येत.

१९६९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अर्पानेट’ने मार्ग राखून ठेवणे सोडून दिले. संदेशाचे तुकडे करायचे आणि ते सर्वांच्या सामाईक वाटेने पाठवायचे. हरवलेला तुकडा पुन्हा मागवायचा. पत्रासाठी ही रीत उत्तम होती. १९७४ साली याच जाळ्यावर आवाज पाठवण्याचे प्रयोग झाले, आणि अडचण लक्षात आली. पत्र दोन सेकंद उशिरा आले तरी चालते. शब्द उशिरा आला तर तो निरुपयोगी! डॅनी कोहेन यांच्यासारख्या संशोधकांच्या आग्रहामुळे पुढे हरवलेले तुकडे परत न मागवणारी वेगळी पद्धत निघाली. तिचा मसुदा १९८० साली प्रसिद्ध झाला. भारतात इंटरनेट सर्वसामान्यांना १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. त्यावरून बोलण्यास मर्यादित परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून.

आता थोडे गणित करू. साधारणपणे एका तुकड्यात २० मिलिसेकंदांचा आवाज असतो, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे. सलग दहा-बारा तुकडे हरवले की पाव सेकंद गेला, आणि त्यात ‘नको’ गेला! उशिरा येणाऱ्या तुकड्यांसाठी फोन थोडा थांबतो. पण फार थांबला तर दोघे एकाच वेळी बोलू लागतात. म्हणून आवाज १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. रेंजच्या काड्या सांगतात ती केवळ टॉवरच्या संकेताची ताकद. पुढच्या वाटेवरची गर्दी त्यांत दिसत नाही.

वर्गात हे करून पाहता येईल. एका वाक्यातले शब्द वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून त्यांना क्रमांक द्यावेत आणि निरनिराळ्या रांगांतून पुढे पाठवावेत. दहा आकडे मोजेपर्यंत न पोहोचलेली चिठ्ठी बाद. उरलेले वाक्य मोठ्याने वाचावे.

मग मुले घरी जाऊन आजीला दोन गोष्टी सांगू शकतील : चूक तुझी नाही, आणि महत्त्वाचा निरोप दिला की तो समोरच्याकडून एकदा वदवून घे.