डंकर आणि त्यांचे क्रियापद

चहात पाव किंवा बिस्किट बुचकळून खाणे घरोघर चालते. चारचौघांत मात्र ते करताना मनुष्य किंचित संकोचतो. या क्रियेला इंग्रजीत 'डंक' असे म्हणतात. शब्द मोठा ठसठशीत इंग्रजी वाटतो. परंतु इंग्रजी लेखनात तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आला, आणि तोही इंग्लंडातून नव्हे, तर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथे स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या बोलीतून. जर्मन भाषेत 'टुंकन' म्हणजे बुडविणे. या शेतकऱ्यांच्या बोलीत शब्दारंभीचा 'ट' मृदू होऊन त्याचा 'ड' होतो. म्हणून 'टुंकन'चे 'डुंके' झाले. लॅटिनमधील 'टिंगेरे', म्हणजे भिजविणे वा रंगविणे, हा धातू त्याचा दूरचा आप्त होय. जखमेवर लावावयाचे टिंक्चर हे त्याच धातूचे अपत्य. डंकर्क बंदराचे नाव मात्र या कुळातले नव्हे. त्याचा अर्थ वाळूच्या टेकड्यांवरील चर्च असा आहे.

तथापि कॉफीच्या पेल्यात उतरण्यापूर्वीच या क्रियापदाने एका पंथाला नाव दिले होते. १७०८ साली जर्मनीतील श्वार्त्सेनाऊ या खेड्यात अलेक्झांडर माक नावाचा एक गिरणीवाला आणि त्याचे सात सोबती एडर नदीत उतरले व त्यांनी नव्याने बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा हा जाणत्या वयात, स्वतःच्या श्रद्धेने घ्यावयाचा असतो, तान्ह्या बालकाला तो देण्यात अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे होते. साम्राज्याच्या जुन्या कायद्यात अशा पुनर्बाप्तिस्म्यास देहदंड सांगितलेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या आठ जणांच्या बुडीचे मोल कळते. माकला प्रथम कोणी पाण्यात बुडवावे हे चिठ्ठ्या टाकून ठरले, आणि ते नाव कधीही प्रकट करावयाचे नाही असा त्यांनी निश्चय केला. तो त्यांनी पाळला.

पुढे छळ आणि दारिद्र्य यांना कंटाळून १७१९ साली त्यांच्यातील काही कुटुंबे पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे गेली. १७२३ च्या नाताळच्या दिवशी, ऐन हिवाळ्यात, विसाहिकन ओढ्यात त्यांनी अमेरिकेतील पहिला बाप्तिस्मा दिला. पाण्यात गुडघे टेकावयाचे आणि पुढे वाकून त्रिवार बुडावयाचे, ही त्यांची रीत. ती पाहून लोक त्यांना 'टुंकर', आणि इंग्रजी तोंडाने 'डंकर', म्हणजे बुचकळणारे, म्हणू लागले. ते स्वतःला केवळ बंधू म्हणवीत.

हे बंधू शस्त्र धरीत नसत, शपथ घेत नसत, गुलाम बाळगीत नसत. शिखराला डौलाचे लक्षण मानून त्यांनी मेरीलँडमध्ये शार्प्सबर्गजवळ एक बिनशिखराचे, पांढरे, साधे प्रार्थनागृह बांधले होते. दैवयोग असा की १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटीटमची लढाई याच वास्तूभोवती पेटली. एका दिवसात सुमारे तेवीस हजार सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले; अमेरिकेच्या इतिहासात इतका रक्तरंजित दिवस दुसरा नाही. भिंतींना तोफगोळ्यांनी भगदाडे पडली. व्यासपीठावरील बायबल एका सैनिकाने उचलून नेले. ते १९०३ साली परत आले. नकाशांवर ती वास्तू आजही डंकर चर्च याच नावाने ओळखली जाते.

पंथाने १९०८ मध्ये चर्च ऑफ द ब्रदरेन हे नाव धारण केले. त्यापूर्वीच, १८९४ साली, त्याचे मिशनरी वलसाड येथे आले होते. पुढे डहाणूच्या मराठी मुलखातही त्यांचे कार्य उभे राहिले.

टोपणनाव असे मागे पडले, क्रियापद मात्र स्वयंपाकघरातून बाहेर पडले. १९३४ सालच्या 'इट हॅपन्ड वन नाइट' या चित्रपटात क्लार्क गेबल एका धनाढ्य कन्येला डोनट कॉफीत किती वेळ बुडवावा याचे धडे देतो. (आपल्याकडील बिस्किटाने तो धडा कधीच शिकवून ठेवला आहे, क्षणभर उशीर झाला की ते पेल्याच्या तळाशी.) पुढे बास्केटबॉलमध्ये उंच उडी मारून चेंडू वरून कड्यात खुपसण्यालाही हाच शब्द लागला. येथे पाणीही नाही आणि भिजणेही नाही; वरून खाली घालणे एवढाच मूळ अर्थ शिल्लक राहिला. अमेरिकेतील महाविद्यालयीन सामन्यांत १९६७ पासून १९७६ पर्यंत या 'डंक'ला बंदी होती.