मनगटावरचा मोजणीदार

जमिनीची मोजणी करायला मोजणीदार येतो तेव्हा वाडीत केवढी लगबग उडते, हे आपणांस ठाऊकच आहे. दोन्हीकडचे भाऊबंद गडग्याशी हजर राहतात. तो कोणत्या खुणेपासून सुरुवात करतो, इकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. मोजणी कोठून धरली यावर पुढचे सारे अवलंबून, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. अलीकडे मात्र एक दुसराच मोजणीदार आपल्या मनगटावर येऊन बसला आहे, आणि त्याला खुणा विचारणारे फारसे कोणी दिसत नाही.

हा मोजणीदार म्हणजे पावले मोजणारे आणि नाडीचे ठोके सांगणारे इलेक्ट्रॉनिक घड्याळ. मुंबईला नोकरीस असलेला मुलगा गणपतीला येताना वडिलांसाठी असे एखादे घेऊन येतो. देवरूखच्या पेठेतही आता ते नवलाचे राहिलेले नाही. यातले कोणते घ्यावे, असा प्रश्न पुष्कळजण विचारतात. हा प्रश्न दुकानदाराचा, त्यात इतिहासाच्या माणसाचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण पावले आणि नाडी मोजण्याचा उद्योग फार जुना आहे, आणि पूर्वीच्या मोजणाऱ्यांनी जी काळजी घेतली तीच आज गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडण्यासारखी आहे.

प्रथम पावलांचे पाहू. आपण ‘मैल’ म्हणतो तो शब्दच मुळी पावलांतून आला आहे. रोमन लोक ‘मिल्ले पास्सुस’ म्हणत, म्हणजे हजार पावले. त्यांचे एक पाऊल म्हणजे आपली दोन. डावा पाय उचलून तोच पुन्हा टेकेपर्यंतचे अंतर. त्याच्याही आधी अलेक्झांडरच्या सैन्याबरोबर पावले मोजत चालणारी माणसे असत, आणि हिंदुस्थानपर्यंतच्या मजलांचे आकडे त्यांनीच टिपून ठेवले. पुढे व्हिट्रुव्हियस या रोमन ग्रंथकाराने एका गाडीचे वर्णन केले. तिचे चाक चारशे वेळा फिरले की एक मैल होई आणि एक खडा पेटीत पडे. मोजायचे काम माणसाकडून यंत्राकडे गेले ते असे.

पण पावले मोजण्याचा खरा पराक्रम केला तो आपल्याच देशातल्या एका शाळामास्तराने. शिक्षक-वाचकांनी हे नाव जरूर लक्षात ठेवावे. नैनसिंग रावत. जन्म १८३० चा, कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातला. मिलम गावच्या शाळेत ते शिक्षक होते. त्या काळी तिबेटात परक्यांना मज्जाव होता आणि इंग्रजांच्या नकाशावर तो मुलूख कोराच होता. १८६३ मध्ये सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन माँटगोमेरीने नैनसिंग आणि त्यांचे चुलतबंधू मणिसिंग यांना डेहराडूनला आणून तयार केले. तयारी कसली? तर चालण्याची! चढ असो, उतार असो, सपाटी असो, पाऊल ठरल्या लांबीचेच पडले पाहिजे. मैलाला सुमारे दोन हजार पावले, हा हिशेब त्यांच्या पायांत मुरवण्यात आला.

हातात जपमाळ दिली, पण १०८ मण्यांची नव्हे, १०० मण्यांची. शंभर पावले झाली की एक मणी सरकवायचा. म्हणजे बघा, माळ एकदा पुरी झाली की दहा हजार पावले, अर्थात पाच मैल. प्रार्थनाचक्राच्या पोटात मंत्रांच्या कागदांऐवजी नोंदींच्या चिठ्ठ्या. अशा तयारीने नैनसिंग १८६५ मध्ये निघाले, नेपाळमार्गे १८६६ च्या जानेवारीत ल्हासास पोहोचले आणि त्याच वर्षी परत आले. ल्हासाचे नकाशावरचे स्थान आणि उंची त्यांच्या नोंदींवरून ठरली. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माळ काही हुशार नव्हती. तिला शंभरापुढे काही कळत नव्हते. हुशारी होती ती दोन ठिकाणी. काय मोजायचे ते आधी ठरलेले होते, आणि मोजणारे पाऊल आधी पारखून घेतलेले होते.

आता गंमत पाहा. दहा हजार पावलांचा आकडा आजच्या घड्याळातही सापडतो. “रोज दहा हजार पावले चाला,” असे ते बजावते. हा नियम कोण्या वैद्याने घालून दिला असेल, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानात चालण्याची हौस वाढली आणि १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचे एक पाऊलमापक विक्रीस काढले. त्याचे नाव ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. नाव सुटसुटीत, आकडा गोल. तो जगभर पसरला. नैनसिंगांचे दहा हजार हे मोजणीचे माप होते. हे दहा हजार मालाचे नाव होते.

मग खरे किती चालावे? २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांवर वृद्ध स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले, आणि सुमारे ७,५०० पावलांच्या पुढे आणखी फरक दिसेनासा झाला. तेव्हा घरातल्या आजीचा आकडा पाच हजारांवर थांबला, तर तिने खंत करण्याचे कारण नाही.

नाडीचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेत नाडीची ‘चाल’ सांगितली आहे. वाताची सापासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी. वैद्य नाडी कशी चालते ते पाही. किती चालते, हे घड्याळ लावून मोजण्याचा पाठ इंग्लंडच्या जॉन फ्लॉयर या डॉक्टराने १७०७ मध्ये घालून दिला; त्याने त्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळच करवून घेतले होते. विसाव्या शतकाच्या मध्याला नॉर्मन होल्टर या अमेरिकन संशोधकाने हिंडत्याफिरत्या माणसाच्या हृदयाचा आलेख दूर पाठवणारे यंत्र केले. ते पाठीवर घ्यावे लागे आणि वजन होते सुमारे ३८ किलो, म्हणजे जवळजवळ भाताचे पोते! १९८२ मध्ये फिनलंडच्या पोलर कंपनीने छातीचा पट्टा आणि मनगटाचे घड्याळ यांची बिनतारी जोडी बाजारात आणली. २००९ पासून ‘फिटबिट’सारखी लहान पाऊलमापके आली, आणि पुढे हे सारे मनगटावर एकवटले.

आजचे घड्याळ पावले पाहत नाही. ते हाताचा झोका पाहते. आणि पाठीमागे जो हिरवा दिवा लुकलुकतो, तो कातडीखालच्या रक्ताची भरती-ओहोटी टिपतो. एवढे कळले की त्याची चूक कोठे होईल तेही कळते. डोक्यावरचा लाकडांचा भारा दोन्ही हातांनी धरून बाई घाटी चढली, तर हात हलत नाहीत आणि पावले कमी लागतात. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीचे हादरे बसले, तर न चाललेली पावले जमा होण्याचा संभव असतो. दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या बाईची पावले थोडी, श्रम मात्र डोंगराएवढे. संध्याकाळी घड्याळ तिला आळशी ठरवील. तो निकाल तिने मानू नये, आणि घरच्यांनी तर मुळीच मानू नये.

तर मग निवड कशी करावी? आधी आपल्याला काय विचारायचे आहे ते ठरवा. चालण्याची सवय लावायची एवढाच हेतू असेल, तर साधा पट्टा पुरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेले माप तर पावलांचे नाहीच, मिनिटांचे आहे. प्रौढाने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. त्याला भिंतीवरचे घड्याळही चालते. न घेणे हाही निवडीचाच एक प्रकार आहे.

घ्यायचेच असेल तर दुकानातच पारखून घ्या. मनगटाला बांधा, मनात मोजत दोनशे पावले चाला आणि आकडा ताडून पाहा. स्वस्थ बसून दोन बोटांनी अर्धा मिनिट नाडी मोजा, दुप्पट करा, घड्याळाशी जुळते का बघा. मार्लेश्वराच्या पायऱ्या चढल्यावर पुन्हा हाच पडताळा घ्या. कारण बसल्या जागी बरोबर असलेले घड्याळ धापेच्या वेळी चुकू शकते. आपल्याकडचा पाऊस ध्यानात घेऊन पाणी कितपत सोसते ते विचारा. चार्जिंग किती दिवस टिकते, आकडे चष्म्याशिवाय वाचता येतात का, मोबाइलवाचून चालते का, हेही विचारा. आणि आपले आकडे कंपनीकडे साठतात, तेव्हा नोंदणी करताना कोणकोणती परवानगी देतो आहोत ते मुलाकडून वाचून घ्या.

एका बाबतीत मात्र भीड ठेवू नका. सुई न टोचता रक्तातली साखर सांगतो, असे म्हणणारे घड्याळ किंवा अंगठी घेऊ नये. असे एकही साधन आपण मंजूर केलेले नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत दिला. त्यामागचे कारण उघड आहे. चुकीच्या आकड्यावर इन्शुलिन घेतले तर जिवावर बेतेल. तसेच छातीत कळ आली, घाम फुटला आणि घड्याळ मात्र ‘ठीक’ म्हणत असले, तर घड्याळाचे ऐकू नका. तडक दवाखाना गाठा.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या मैदानावर टेपने शंभर मीटर आखा आणि प्रत्येक मुलाला आपली पावले मोजू द्या. कोणाची १४० भरतील, कोणाची १८०. मग चिंचेच्या शंभर बियांची पिशवी देऊन त्यांना नैनसिंगांची गोष्ट सांगा. अंतर तेच असून आकडे निराळे का आले, हे त्यांनाच विचारा. ज्या मुलाला त्याचे उत्तर सापडेल, तो मोठेपणी कोणत्याही यंत्राचा आकडा डोळे झाकून घेणार नाही.