डमडम : माणसाला नको, हरणाला हवी

परवा कोनहून बाईक काढली आणि कर्नाळ्याला गेलो. रानात भेकर भुंकलं आणि एक जुना प्रश्न आठवला.

१८९० च्या दशकात कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यात टोकाचं शिसं उघडं ठेवलेली गोळी बनली. अंगात शिरली की ती पसरते. क्रूर म्हणून १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात तिच्यावर बंदी आली. आता गंमत बघा, इंग्लंड-वेल्समध्ये १९९१ च्या कायद्याने हरणासाठी अशीच गोळी सक्तीची केली! का? कडक टोकाची गोळी आरपार जाते, जनावर जखमी होऊन पळतं आणि तडफडत राहतं. पसरणारी गोळी नेमकी बसली तर लवकर सुटका.

त्याच १९९१ साली आपल्याकडे वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन हौशी शिकारीचे परवानेच बंद झाले. दयाळू गोळी कुठली, हा प्रश्नच मिटला. मला तरी हेच उत्तर पटतं. तुम्हाला?