मिरज ते जामखेड : आरोग्यसेवकांचे शिक्षण आणि त्याची भाषा

दक्षिण महाराष्ट्रातील ख्रिस्ती मिशनांच्या कार्याचा इतिहास आजवर बहुधा शाळा, देवळे आणि धर्मांतरे या अंगांनीच लिहिला गेला आहे. रुग्णालयांचा उल्लेख येतो तो मोठ्या शल्यविशारदांच्या चरित्रांतून. परंतु त्या रुग्णालयांच्या आधाराने जी सामान्य माणसे औषधोपचाराचे प्राथमिक शिक्षण घेऊन गोरगरिबांच्या वस्तीत गेली, त्यांना कोणत्या भाषेत शिकविले गेले, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषाविज्ञानाचा असल्यामुळे त्याला हा प्रश्न दुय्यम वाटत नाही. शिकलेला सेवक गावात राहणार की गाव सोडून जाणार, हे पुष्कळदा या भाषेवरच ठरले, असे त्याचे मत आहे.

रॉयल गोल्ड वाइल्डर यांनी १८५२ साली कोल्हापुरात मिशनचे ठाणे घातले. १८७० मध्ये ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाच्या छत्राखाली आले. या काळातील मुख्य कार्य उपदेशाचे व शाळांचे होते. वैद्यकीय कार्याला खरा आकार आला तो डॉ. विल्यम वानलेस यांच्यामुळे. १८८९ साली ते हिंदुस्थानात आले, प्रथम सांगलीस राहिले आणि नंतर त्यांनी मिरजेस मुक्काम हलविला. १८९१ साली कोल्हापूर–मिरज लोहमार्ग सुरू झालेला होता, आणि दूरदूरच्या रुग्णांना मिरज गाठणे त्यामुळे शक्य झाले. १८९४ साली तेथील रुग्णालय उघडले. कोल्हापुरातील मेरी वानलेस रुग्णालयाच्या नावात या कुटुंबाची स्मृती आजही टिकून आहे.

वानलेस यांनी १८९७ साली ख्रिस्ती तरुणांसाठी वैद्यकीय वर्ग सुरू केला. त्यामागील गरज उघड होती : मिशनच्या दवाखान्यांना हाताखालची माणसे हवी होती, आणि सरकारी शाळांतून बाहेर पडणारे विद्यार्थी आडगावी येण्यास राजी नव्हते. म्हणून आपल्याच मंडळीतील मुले शिकवावी, हा विचार पुढे आला. तो विचार मोलाचा होता यात शंका नाही. तथापि त्यात एक अडचण आरंभापासूनच होती. शिक्षणाला बाहेर मान राहावा यासाठी मान्यता हवी, मान्यतेसाठी परीक्षा हवी, आणि परीक्षेची वाट अखेर इंग्रजीकडे जाणारी.

ही अडचण एकट्या मिशनची नव्हती. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात १८६१ च्या सुमारास मराठी व गुजराती माध्यमांचे वर्ग निघाले होते. पुण्यास १८७८ साली बैरामजी जीजीभाई यांच्या नावाची वैद्यकीय शाळा झाली, तिचाही आरंभ देशी भाषेशी निगडित होता. पुढे या सर्व प्रवाहांचे वळण एकच झाले. देशी भाषेत शिकलेला तो कनिष्ठ, इंग्रजीत शिकलेला तो डॉक्टर, अशी प्रतवारी लागली. कनिष्ठ ठरलेला मनुष्य वरची पायरी शोधतो; त्यात त्याला दोष देण्याचे कारण नाही. मात्र ती वरची पायरी शहरात होती.

यानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे हाच प्रश्न अगदी उलट बाजूने सोडविला गेला. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात त्यांनी वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयात काम केले. तेथे बरे करून घरी पाठविलेले रुग्ण त्याच टाळता येण्याजोग्या आजारांनी पुन्हा परत येताना त्यांनी पाहिले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते १९७० साली जामखेडला आले. पहिला प्रयत्न प्रशिक्षित परिचारिकांना गावोगाव ठेवण्याचा होता. तो साधला नाही; परिचारिका परक्या ठरल्या आणि गावात टिकेनात. तेव्हा गावानेच आपल्यातील एखादी बाई निवडावी आणि तिला शिकवावे, असे ठरले. निवडून आलेल्यांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या व कित्येक दलित समाजातील होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करीत, शिकत आणि आपल्या गावी परतत. निरनिराळ्या जातींच्या या बायका रात्री एकाच मोठ्या पांघरुणाखाली निजत, ही गोष्ट वर्गातील धड्याइतकीच महत्त्वाची होती.

निरक्षर स्त्रीला शिकवावयाचे म्हणजे पुस्तक बाजूस ठेवणे आले. अशा वेळी शिक्षकाजवळ उरतो तो शिकणारीचाच शब्दसंग्रह, आणि तो दरिद्री नाही. जुलाबाने सुकलेल्या तान्ह्या मुलाची टाळू खोल जाते, हे बाळाची टाळू रोज तेलाने भरणाऱ्या कोणत्याही आजीला ठाऊक असते. 'निर्जलीकरण' हा शब्द तिला ठाऊक नसतो, आणि नसल्याने काही बिघडत नाही. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महलनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे रुग्ण वाचविले. हा उपाय टाळू ओळखणाऱ्या बाईच्या हाती देता येतो. तीच गोष्ट श्वासाच्या आजाराची : मुलाचे 'पोट उडते' हे लक्षण आईच्या नजरेस डॉक्टरच्या आधी येते. स्त्रियांच्या 'अंगावरून जाण्या'ची तक्रार तर 'प्रदर' या शब्दात कोणी पुरुष डॉक्टरापुढे मांडणारच नाही. ती शेजारणीपाशीच बोलली जाते.

परंतु लोकभाषेचे गोडवे गाऊन थांबणे बरोबर नाही. शब्दाबरोबर त्याचे कारणही चिकटून येते. 'देवी' म्हटले की रोग देवतेचा प्रसाद ठरतो. मग लस टोचण्यालाही 'देवी काढणे' म्हणावे लागले. गोवर हाही पाहुणा मानला गेला, आणि पाहुण्याच्या मर्जीखातर आजारी मुलाचे अन्न तोडले गेले. येथे सेविकेला नाव ठेवून कारण बदलावे लागते. हे काम भाषांतराहून अवघड आहे, आणि त्याच गावात नांदणारी बाईच ते करू शकते, कारण तिने स्वतःच्या घरात ते आधी केलेले असते.

आता ख्रिस्ती प्रेरणेविषयी. मिरजेच्या वर्गात शिकणारा ख्रिस्ती असावा ही अपेक्षा होती. जामखेडला शिकविणारे ख्रिस्ती होते. शिकणारीच्या धर्माची चौकशी नव्हती. हा बदल एका दांपत्याच्या औदार्याचाच भाग नव्हे. १९६४ साली ट्युबिंगेन येथे भरलेल्या बैठकीत मिशनरी डॉक्टरांनी स्वतःलाच प्रश्न विचारला होता की, बरे करण्याचे काम रुग्णालयाचे की साऱ्या मंडळीचे. त्या मंथनातून १९६८ मध्ये जिनिव्हाला जागतिक चर्च परिषदेचे ख्रिस्ती वैद्यकीय आयोग स्थापन झाले, आणि त्याने जामखेडसारखे प्रयोग जगापुढे मांडले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या 'हेल्थ बाय द पीपल' या ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आहे; त्यानंतर तीन वर्षांनी अल्माआटाची परिषद भरली. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

भारत सरकारनेही १९७७ साली गावपातळीवरील आरोग्यसेवकांची योजना काढली, आणि २००५ पासून 'आशा' कार्यकर्त्या आल्या. 'आशा'साठी सर्वसाधारणपणे आठवी उत्तीर्ण असण्याची अट घालण्यात आली. नोंदवह्या लिहावयाच्या म्हणजे अट आवश्यकच, असे त्यावर उत्तर आहे, आणि ते पूर्णपणे खोडता येणार नाही. तरी जामखेडच्या पहिल्या बायकांतील कित्येक या अटीत बसल्या नसत्या.

मेबल आरोळे १९९९ साली व रजनीकांत आरोळे २०११ साली निवर्तले. पहिल्या पिढीच्या सेविका आता वयोवृद्ध आहेत. रोग, लक्षणे, पथ्य आणि बाळंतपण यांविषयीची त्यांची शब्दसंपदा त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करून घेण्याचे काम एखाद्या भाषाविभागाने हाती घेण्याजोगे आहे. मिरज, कोल्हापूर आणि सीमाभागातील जुन्या सुइणी व मिशन दवाखान्यांतील निवृत्त परिचारिका यांचाही त्यात समावेश व्हावा. मराठी–कानडी सरमिसळीच्या या टापूत एकाच आजाराला दोन भाषांतून आलेली नावे आढळण्याचा संभव आहे, आणि ती नावे कोणत्याही छापील कोशातून आयती मिळणारी नाहीत.