एड वुड

* एड वुड (१९२४–१९७८) : अमेरिकी दिग्दर्शक, लेखक, नट. ‘ग्लेन ऑर ग्लेंडा’मध्ये (१९५३) बायकांचे कपडे घालणाऱ्या पुरुषाची भूमिका त्याने टोपणनावाने स्वतःच केली. ती त्याच्याच आयुष्याची गोष्ट होती. त्या काळी ती पडद्यावर मांडायला छाती लागत होती. ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ला पैसा पुरवला बॅप्टिस्ट चर्चच्या मंडळींनी. प्रमुख नट बेला लुगोसी १९५६मध्ये वारला, तेव्हा वुडच्या हाती त्याची काही मूक दृश्यंच होती. उरलेल्या भागात त्याने बायकोच्या कायरोप्रॅक्टरला उभं केलं. हा गृहस्थ लुगोसीहून उंच आणि चेहऱ्याने वेगळा, म्हणून तो झग्याने तोंड झाकून वावरतो. नीट पाहिलं की लगेच कळतं. १९८०मध्ये वुडवर ‘सर्वांत वाईट दिग्दर्शक’ असा शिक्का बसला. लेखकाने इथे तोच उचलला आहे. आम्हाला तो अन्यायाचा वाटतो. व्यसनाने खचलेल्या, काम मिळेनासं झालेल्या लुगोसीला वुडने सन्मानाने भूमिका दिल्या. उत्तरायुष्यात त्याने पोटासाठी स्वस्त कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्यावरचा टिम बर्टनचा चित्रपट १९९४चा. त्यात लुगोसी साकारणाऱ्या मार्टिन लँडाउला ऑस्कर मिळालं. — संपा.