तपासनिसावरचा तपासनीस

शाळातपासणीचा दिवस उजाडला कीं भल्याभल्या मास्तरांच्या पोटांत गोळा उठतो. तीन तपें मींहि तो अनुभव घेतला. तपासनीस कोणाला हवा असतो? पण तो डोळे मिटून बसला म्हणजे काय होतें, हें अमेरिकेंतील टेक्सास राज्याच्या हकीकतीवरून कळावें.

त्या देशांत पूर्वीं कित्येक राज्यांचे कायदेच अपंग मुलांना शाळेबाहेर ठेवण्याची मुभा देत. १९७५ सालीं तेथील काँग्रेसनें, म्हणजे विधिमंडळानें, हिशेब मांडला तेव्हां ८० लाखांवर अपंग मुलांपैकीं १० लाख सार्वजनिक शाळांतून सर्वस्वीं वगळलेलीं आढळलीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत अध्यक्ष फोर्ड यांनीं कायद्यावर सही केली. प्रत्येक अपंग मुलास विनामूल्य व योग्य शिक्षण मिळावें, त्याची लेखी योजना पालकांसह आंखावी, असें ठरलें. केंद्रानें विद्यार्थ्यामागील सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत द्यावयाची होती. ती आजवर कधींच पुरी दिली गेली नाहीं. देखरेख मात्र केंद्राकडे राहिली.

२००४ सालीं टेक्सासच्या शिक्षणखात्यानें जिल्ह्यांच्या तपासणीसाठीं एक आंकडा घातला: विशेष शिक्षण घेणारीं मुलें शेंकडा ८.५ हून अधिक नसावीं. कायद्यांत असला आंकडा कोठेंच नव्हता. पण शाळांना इशारा पुरे. मुलाची पारख लांबणीवर टाकावी, पालकांची दुसऱ्या एखाद्या सवलतीवर बोळवण करावी, असे प्रकार सुरू झाले. शेंकडा १२ च्या आसपासचें प्रमाण घसरत ८.५ वर आलें. देशाची सरासरी १३ होती. हें पाप तपासणीच्याच नांवानें घडलें! आणि वरचा तपासनीस, म्हणजे केंद्र सरकार, तोहि बारा वर्षें झोंपला होता. २०१६ सालीं ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’ या वर्तमानपत्रानें त्याला जागें केलें. मग केंद्राचे अधिकारी टेक्सासांत गेले, त्यांनीं पालकांचीं गाऱ्हाणीं ऐकलीं, आणि जानेवारी २०१८ मध्यें राज्यानें कायदा मोडल्याचा निर्णय दिला. तो आंकडा राज्याच्या विधिमंडळानें २०१७ सालींच मोडीत काढला होता.

मार्च २०२५ मध्यें अध्यक्ष ट्रंप यांनीं हेंच केंद्रीय शिक्षणखातें मिटविण्याच्या दिशेनें आज्ञा काढली. ऑक्टोबरांत विशेष शिक्षण पाहणाऱ्या कचेरींतील बहुतेकांना कामावरून कमी केल्याच्या नोटिसा गेल्या. नोव्हेंबरांत काँग्रेसच्या कायद्यामुळें त्या मागें घ्याव्या लागल्या. शिक्षण हें राज्यांनींच पाहावें, असा आज्ञा काढणाऱ्यांचा युक्तिवाद. टेक्सासहि राज्यच होतें. तेथें २००४ सालीं पहिलींत बसलेलें मूल, तो आंकडा उघडकीस आला तेव्हां, बारावी संपवून शाळेबाहेर पडलें होतें.