भिगवणच्या वाटेवरचा ल्युपस

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे आम्ही दोघं रोहित पक्षी बघायला भिगवणला निघालो. हडपसर ओलांडेपर्यंत गप्पा मित्राच्या इंजेक्शनवर आल्या. त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. अडालिमुमॅबने बोटं पुन्हा कीबोर्डवर चालू लागली, आणि दहा महिन्यांनी सांधे परत दुखायला लागले. वर ताप. जुनंच दुखणं उलटलं असं त्याला वाटलं, पण निघाला औषधामुळे आलेला ल्युपस. तीन आठवड्यांपूर्वी इंजेक्शन बंद केलं होतं.

"एक बग फिक्स केला तर दुसरा आला," तो म्हणाला. मी हसलो. मग तो म्हणाला, "पण आता बोटं परत आखडली तर?" यावर काय बोलणार!

घरी येऊन वाचत बसलो. प्रकार बराच जुना निघाला. १९४५ साली सल्फाडायझिनवर पहिला संशय आला. १९५३ च्या सुमारास रक्तदाबाच्या हायड्रॅलॅझिनमुळे असे बरेच रुग्ण दिसले, आणि एक गोष्ट लक्षात आली: औषध थांबवलं की बहुतेकांचा त्रास ओसरतो. मूळचा ल्युपस असा सहज पिच्छा सोडत नाही.

गंमत म्हणजे भिगवणलाच १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या चमूने गावकऱ्यांची सांधेदुखी मोजली होती. तेव्हा ही इंजेक्शनं बाजारात नव्हती. लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी लंडनमध्ये १९९२ साली टीएनएफ रोखणारं औषध संधिवाताच्या रुग्णांना देऊन पाहिलं. पुढे तेच इन्फ्लिक्सिमॅब. ते घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या रक्तात ल्युपससारख्या अँटिबॉडी दिसू लागल्या, प्रत्यक्ष आजार मात्र थोड्यांनाच झाला. टीएनएफ दाबलं की इंटरफेरॉन मोकाट सुटतं, असं एक मत आहे.

आपल्याकडे आणखी एक भानगड. या औषधांनी सुप्त क्षयरोग जागा होऊ शकतो, म्हणून आधी तपासणी, आणि गरज पडली तर आयसोनियाझिड. आता हे आयसोनियाझिडसुद्धा ल्युपस आणणाऱ्या औषधांच्या जुन्या यादीत आहे! मित्राने तेही घेतलं होतं. पण तो कोर्स संपून महिने झाले होते, त्यामुळे डॉक्टरांचा रोख इंजेक्शनवरच राहिला. गोळ्या कधी सुरू, कधी बंद हे त्याने एक्सेलमध्ये लिहून ठेवलं होतं, तेच कामी आलं. (त्या शीटची मी पूर्वी थट्टा करायचो. असो.)

मार्चपर्यंत ताप गेला. बोटं सकाळी थोडी आखडतात, म्हणून आता वेगळ्या प्रकारचं औषध सुरू झालंय. शीटमध्ये एक नवा कॉलम आलाय.